घरच्या जाळ्यांतील तारेचे जोड व त्यांतील दोष

ज्यांचा वाडा जुना व भिंती दगडमातीच्या, त्यांस एका राउटरवर घरभर वायफाय मिळत नाहीं, हा अनुभव नवा नाहीं. ओटीवर फोन उत्तम चालतो, माजघरांत अडखळतो आणि परसदारीं किंवा गोठ्यांत अगदींच मुका होतो. यावर उपाय म्हणून गेल्या कांहीं वर्षांत मेश नांवाची योजना पुष्कळ घरांत आली आहे. दोन-तीन सारख्या दिसणाऱ्या पेट्या, ज्यांस नोड म्हणतात, घरांत ठिकठिकाणीं ठेवावयाच्या; त्यांपैकीं एक मोडेमला तारेनें जोडावयाची व बाकीच्या तिच्याशीं बिनतारी बोलत राहतात. फोनची सोय यानें चांगलीच होते. परंतु ज्या यंत्रांना तार लागते, म्हणजे कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हिशेबाचा संगणक, प्रिंटर, ओटीवरील टीव्ही, त्यांच्या तक्रारी मात्र या योजनेनंतर वाढलेल्या दिसतात. यंत्र दुकानांत नेलें तर तेथें धड चालतें, घरीं आणून जोडलें कीं पुन्हां बंद. असें घडलें म्हणजे यंत्र निर्दोष आहे व दोष बहुधा जोडणीच्या क्रमांत आहे, असें समजावें. हा क्रम कसा असावा व दोष कसा हुडकावा, याचें विवेचन येथें करण्याचें योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट बजावून सांगणें अवश्य वाटतें. गोदामांत कांदा किंवा हळद भरून ठेविली आहे आणि फोनवर कॅमेऱ्याचें चित्र दिसेनासें झालें, तर मनुष्य घाबरतो. पण फोनवर चित्र न दिसणें म्हणजे चित्रण थांबणें नव्हे. ज्या डीव्हीआरला कॅमेरे स्वतःच्या तारांनीं थेट जोडलेले असतात, तो इंटरनेट बंद असतांही आपल्या हार्ड डिस्कवर चित्रण करीत राहतो. त्याला टीव्ही जोडून एकदां खात्री करून घ्यावी, म्हणजे दुरुस्ती सावकाश करतां येते. ज्यांचे कॅमेरे मात्र वायफायवर किंवा नोडच्या वाटेनें रेकॉर्डरपर्यंत येतात, त्यांची गोष्ट निराळी. वाट तुटली कीं रेकॉर्डरवरील चित्रणही तुटतें. कॅमेऱ्यांत स्वतःचें मेमरी कार्ड असेल तरच तेवढें शिल्लक राहतें. अशा घरीं दुरुस्ती उद्यांवर टाकूं नये.

दुसरें असें कीं, घाईघाईनें टांचणी घेऊन रीसेटचें भोंक दाबूं नये. बंद करून चालू करणें व रीसेट करणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पहिलीनें यंत्र झोपून उठतें. दुसरीनें तें कारखान्यांतून आल्यासारखें कोरें होतें. मोडेमवर हा प्रयोग केला तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीनें त्यांत भरून ठेवलेलें खातें व परवलीचा शब्द पुसला जाऊं शकतो. मग एका डीव्हीआरचें दुखणें होतें तें साऱ्या घराचें होऊन बसतें, आणि कंपनीचा मनुष्य येईपर्यंत हात जोडून बसावें लागतें.

आतां शोध कसा करावा तें पाहूं. पाटाचें पाणी शेपटाच्या वाफ्यांत पोंचलें नाहीं तर कोणी शेपटाशीं खणत बसत नाहीं; मुखाशीं जाऊन दार उघडें आहे कीं नाहीं तें पाहतो व तेथून पाटाच्या कडेनें खालीं येतो. येथेंही तसेंच करावें. फायबरची तार ज्या पेटींत येऊन संपते तो मोडेम, हें मुख होय. त्यानंतर मुख्य नोड. त्यानंतर स्विच, म्हणजे एका तारेच्या अनेक तारा करून देणारी साधी पेटी. त्यानंतर दूरचे नोड व शेवटीं यंत्रें. एक लॅपटॉप व धड असल्याची खात्री असलेली एक आंखूड तार घ्यावी. नव्या लॅपटॉपला तारेचें छिद्र नसतें. त्यासाठीं यूएसबीचा जोड बाजारांत मिळतो, तो घरीं ठेवावा. लॅपटॉपचें वायफाय बंद करावें, नाहींतर तार मेलेली असूनही पान उघडतें व आपण फसतों. मग मोडेमशीं, मुख्य नोडशीं, स्विचशीं व दूरच्या नोडशीं या क्रमानें तार लावून पहावें. ज्या ठिकाणीं प्रथम इंटरनेट मिळेनासें होतें, तें ठिकाण व त्याआधींचें ठिकाण यांच्या दरम्यान दोष आहे. एका वेळीं एकच बदल करावा. तार बदलली, छिद्र बदललें आणि शिवाय पेटीही बंद-चालू केली, तर यंत्र सुरू होईल खरें, पण कशानें तें कळणार नाहीं, आणि चार दिवसांनीं पुन्हां तोच खेळ मांडावा लागेल.

तारेच्या छिद्राजवळ बारीक दिवा असतो. तो लागला म्हणजे दोन्ही टोकांची भेट झाली. लुकलुकला म्हणजे बोलणें चाललें आहे. हा दिवाच लागत नसेल तर पुढील सर्व विचार व्यर्थ आहेत, दोष तारेंत किंवा छिद्रांत आहे. मेशच्या पुष्कळ नोडांवर हे दिवे ठेवीत नाहींत. दिसण्याच्या हौसेपायीं केलेली ही काटकसर आम्हांस पसंत नाहीं. पण तेथें स्विचवरील किंवा यंत्राकडील दिवा पाहून काम भागवावें.

आमच्या मतें सर्वांत जास्त आढळणारा दोष पुढीलप्रमाणें आहे. मेशच्या नोडला बहुधा दोनच छिद्रें असतात व त्यांपैकीं एक मोडेमकडील तारेंत जातें. मोडेमला मात्र बहुधा चार छिद्रें असतात. म्हणून मेश बसविणारा मनुष्य डीव्हीआर पूर्वींप्रमाणें मोडेमलाच राहूं देतो. वरवर पाहतां यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. पण कंपन्या देतात तो मोडेम नुसता मोडेम नसून स्वतः राउटरही असतो, आणि मेशचा मुख्य नोडही राउटरच. असे एकापुढें एक दोन राउटर झाले म्हणजे घरांत एक जाळें न राहतां दोन होतात. वाड्याच्या आंत दुसरा वाडा बांधावा तशी ही स्थिति आहे. आंतल्या वाड्यांतील मनुष्य दिंडी उघडून बाहेर जाऊं शकतो. बाहेरच्यास आंत येतां येत नाहीं. प्रिंटर मुख्य नोडमागें व संगणक मोडेमवर असेल तर संगणकास प्रिंटर कधींच सांपडणार नाहीं. उलट प्रिंटर मोडेमवर व फोन मेशवर असेल, तर प्रिंटरचा नेमका क्रमांक लिहून दिल्यास तो गांठतां येतो, परंतु फोननें आपण होऊन घातलेली हांक दिंडीच्या बाहेर जात नाहीं. म्हणून फोन 'प्रिंटर आढळला नाहीं' असें सांगतो, आणि आपण प्रिंटरला दोष देतों.

यावर दोन मार्ग आहेत. एक असा कीं, मोडेममधून एकच तार निघावी, ती मुख्य नोडला जावी, आणि घरांतील यच्चयावत् यंत्रें मुख्य नोडच्या मागें यावींत. छिद्रें कमी पडतात म्हणून तेथें पांच किंवा आठ छिद्रांचा साधा स्विच बसवावा, आणि मोडेमचें स्वतःचें वायफाय बंद करावें. कंपनीस सांगून मोडेम 'ब्रिज' करून घेतला, म्हणजे त्याचें राउटरपण काढून टाकलें, तर अधिक चांगलें. दुसरा मार्ग याच्या उलट: राउटरचें काम मोडेमकडेच राहूं द्यावें व मेशला 'ॲक्सेस पॉइंट' या रीतीनें चालवावें. मग यंत्र मोडेमला जोडा वा नोडला, सर्व एकाच जाळ्यांत येतात. कंपनीच्या कचेरींत खेटे घालणें ज्यांस शक्य नाहीं, त्यांनीं हा दुसरा मार्ग धरावा. मात्र मुलांच्या वापरास वेळेचा बांध घालणें वगैरे मेशच्या कांहीं सोयी त्यांत मिळत नाहींत. सर्व बनावटींत हा मार्ग असतोच असेंही नाहीं, तेव्हां विकत घेण्यापूर्वीं विचारावें.

स्विचची जागा हा यांतलाच एक पोटभाग आहे. मुख्य नोडचीं छिद्रें कमी म्हणून कित्येक जण मोडेम व मुख्य नोड यांच्या मध्येंच स्विच घालतात व त्यांतून सर्व यंत्रांना तारा देतात. हें चूक आहे. तेथें लावलेलें यंत्र मुख्य नोडच्या बाहेर राहतें, आणि मोडेम ब्रिज केलेला असेल तर बहुधा त्यास इंटरनेट मुळींच मिळत नाहीं. दूरच्या नोडला तार द्यावयाची असेल तर तीही मुख्य नोडच्या मागूनच निघाली पाहिजे.

जाळें एक आहे कीं दोन, हें डोळ्यांनीं दिसत नाहीं, क्रमांकांवरून कळतें. प्रत्येक यंत्रास राउटर एक क्रमांक देतो व यंत्राच्या नेटवर्क या सदरांत तो वाचतां येतो. पुष्कळ मोडेम १९२.१६८.१ नें सुरू होणारे क्रमांक देतात. टीपी-लिंकच्या डेको मेशचा क्रमांक मुळांत १९२.१६८.६८ नें, गुगलच्या मेशचा १९२.१६८.८६ नें, तर ईरोचा १९२.१६८.४ नें सुरू होतो. फोनचा क्रमांक ६८ च्या घरांतला व डीव्हीआरचा १ च्या घरांतला निघाला, कीं बहुधा दोन वाडे झाले आहेत असें समजावें. क्रमांक १६९.२५४ नें सुरू होत असेल तर त्याचा अर्थ निराळा: यंत्रानें क्रमांक मागितला, कोणी उत्तर दिलें नाहीं, तेव्हां त्यानें आपल्या मनानेंच एक घेतला. म्हणजे तार कोठें तरी तुटली आहे किंवा राउटर त्या वेळीं जागा नव्हता.

डीव्हीआरच्या बाबतींत आणखी एक खोड आहे. तो पूर्वीं बसविणाऱ्यानें त्याचा क्रमांक हातानें कायमचा लिहून ठेविलेला असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१००. जुन्या राउटरशीं तो जुळत होता. आतां मेश आला, घराचा आंकडा ६८ झाला, पण डीव्हीआर आपला जुनाच पत्ता सांगत बसतो. गांव उठून दुसरीकडे वसलें, पण पाटी जुनीच राहिली, अशांतला हा प्रकार. दिवा लागतो, तार धड असते, आणि तरीही चित्र येत नाहीं. अशा वेळीं डीव्हीआर टीव्हीला जोडावा, त्याच्या नेटवर्कच्या सदरांत 'डीएचसीपी' या शब्दापुढें खूण करावी व तो बंद करून चालू करावा. राउटर त्यास नवा क्रमांक देईल. पुढें हा क्रमांक बदलूं नये अशी इच्छा असल्यास मेशच्या ॲपमध्यें 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून ठेवावें. कायमचा क्रमांक यंत्रांत लिहिण्यापेक्षां राउटरमध्यें लिहिणें केव्हांही बरें, कारण मग साऱ्या घराचा हिशेब एकाच वहींत राहतो. फोन पाहुण्यांसाठीं ठेविलेल्या 'गेस्ट' वायफायवर तर नाहीं ना, हेंही पहावें. त्यावरून घरांतील यंत्रें दिसूं नयेत अशीच ती योजना असते.

येथवर सर्व ठीक असून यंत्र मंद चालतें किंवा मधूनच तुटतें, तर दूरच्या नोडकडे वळावें. तारेनें जोडलें म्हणजे मार्ग तारेचाच झाला, हा समज चुकीचा आहे. गोठ्याजवळच्या नोडला डीव्हीआर तारेनें जोडला, तरी तो नोड मुख्य नोडशीं बिनतारीच बोलत असेल, तर त्या हातभर तारेनें विशेष कांहीं साधत नाहीं. मधल्या दगडी भिंती, लोखंडी पत्रे, पाण्याची टाकी हीं सर्व त्या लहरींच्या आड येतात. दूरचा नोड सिग्नल जेथें मिळत नाहीं तेथें ठेवावयाचा नसून, जेथें अजून चांगला मिळतो अशा मधल्या जागीं ठेवावयाचा असतो. सर्वांत उत्तम म्हणजे दोन्ही नोड तारेनें जोडावेत. मग लहरींचा प्रश्नच उरत नाहीं. शिवाय सर्वच नोडांना छिद्रें नसतात. गुगलचा २०१९ सालचा नेस्ट वायफाय पॉइंट किंवा ईरोचा बीकन यांस तारेची सोय मुळींच नाहीं. दुसऱ्या कांहींना, जसे डेको ई-४, छिद्रें आहेत पण तीं सेकंदास १०० मेगाबिट इतक्याच वेगाचीं आहेत.

तारेसंबंधीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे, कारण या बाबतींत आपल्या बाजारांत फसवणूक होते. या पद्धतीस इथरनेट म्हणतात; रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेंत ती कल्पिली, आणि पूर्वींचे शास्त्रज्ञ प्रकाशाचें वाहन म्हणून जो ईथर मानीत त्यावरून तिला हें नांव दिलें. आजच्या तारेंत आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतील दोनच जोड्या पुरतात. १००० मेगाबिटला चारही लागतात. म्हणून एखादी तार आंतून तुटली तर यंत्र बंद न पडतां नुसतें मंद होण्याचा संभव असतो, व दोष महिनोन्‌महिने ध्यानांत येत नाहीं. टोकाची खूण दोन्हीकडे एकाच क्रमानें दाबली पाहिजे. प्रचारांतील क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्यें निळी जोडी येते हें विसरून अडाणी कारागीर जोडीशेजारीं जोडी लावीत जातो. अशी तार आंखूड असेल तर चालल्यासारखी दिसते, लांब झाली कीं दगा देते. एका सलग तारेची लांबी १०० मीटरहून अधिक असूं नये.

स्वस्त तारेंत तांब्याऐवजीं ॲल्युमिनियम असून वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. वेष्टनावर 'सीसीए' अशीं अक्षरें असल्यास ती घेऊं नये. ती वांकविल्यास लवकर मोडते, आणि तारेंतूनच वीज घेणारे कॅमेरे तिच्यावर नीट चालत नाहींत. सुरीनें खरवडून पहावें. आंत पांढरें दिसलें तर खरें काय तें कळतें. तारेंतून वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यास साधा नोड वीज पुरवीत नाहीं. त्यास पीओई जातीचा स्विच लागतो. स्वस्तांतील जे वीज घालणारे जोड समोर कोणतें यंत्र आहे हें न विचारतां सतत वीज सोडतात, ते चुकून नोडच्या छिद्रांत लावल्यास नोड जळूं शकतो.

सारें घर एकाएकीं ठप्प झालें, स्विचचे सर्व दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकूं लागले, तर कोणीं तरी एका तारेचीं दोन्ही टोकें एकाच स्विचमध्यें घातलीं आहेत काय तें पहावें. मोकळें टोक दिसलें कीं मोकळ्या छिद्रांत खुपसण्याची मुलांना हौस असते. असा फेरा पडला म्हणजे तोच संदेश गरगर फिरत राहतो व दुसऱ्यास वाट मिळत नाहीं. तार काढली कीं जाळें पुन्हां चालूं लागतें.

भारनियमन हें आपल्याकडील खास कारण. वीज आली म्हणजे सर्व पेट्या एकदम सुरू होतात. डीव्हीआर आधीं जागा होऊन क्रमांक मागतो, मोडेम व मुख्य नोड अजून तयार झालेले नसतात. मग डीव्हीआर तसाच अडून बसतो. 'रोज वीज गेल्यावर कॅमेरा बंद पडतो' या तक्रारीचें मूळ पुष्कळदां इतकेंच असतें. आधीं मोडेम, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर मुख्य नोड, नंतर दूरचे नोड, आणि शेवटीं यंत्रें, असा चालू करण्याचा क्रम ठेवावा. मोडेम, मुख्य नोड व स्विच हीं तिन्ही इन्व्हर्टरवर घ्यावींत. एकटा मोडेम घेऊन उपयोग नाहीं. लहान बॅटरीचा पुरवठा वापरणाऱ्यांनीं अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट व अँपिअर जुळवून पहावेत, टोक बसतें एवढ्यावरून तें चालेल असें मानूं नये.

घराबाहेर तार नेणाऱ्यांस मात्र कांहीं कठोर शब्द सांगितले पाहिजेत. घरापासून गोठा किंवा विहिरीची खोली ४० - ५० मीटरवर आहे, तार १०० मीटरपर्यंत चालते, म्हणून झाडावरून नेऊन लटकवावी, असें कित्येक करतात. उन्हानें साधें वेष्टन तडकतें, उंदीर तें कुरतडतात, टोकांत पाणी शिरून आंतील पितळ हिरवें पडतें. हें सारें पैशाचें नुकसान झालें. खरा धोका विजेचा आहे. जवळपास वीज पडली तर तांब्याच्या लांब तारेंत जोराचा झटका उत्पन्न होतो व तो दोन्ही टोकांचीं यंत्रें जाळतो. त्या वेळीं यंत्रास हात असलेल्या माणसासही इजा होऊं शकते. दोन इमारतींचें अर्थिंग निराळें असेल तर वीज न पडतांही त्या तारेंतून नको असलेला प्रवाह वाहतो. मोटरच्या केबलशीं एकाच नळींतून ही तार नेणें तर सर्वस्वीं वर्ज्य करावें. वेष्टन खरचटलें तर मोटरचा दाब घरांतल्या संगणकापर्यंत येईल.

म्हणून दोन इमारतींच्या मध्यें फायबर घालावें. कांचेंतून वीज वाहत नाहीं. दोन्ही टोकांस मीडिया कन्व्हर्टर नांवाची एकेक लहान पेटी लागते. एकच धागा असेल तर त्या दोन पेट्या एकमेकींस पूरक अशा जोडीच्याच घ्याव्या लागतात, एकाच जातीच्या दोन आणल्यास दिवा लागत नाहीं. हवेंतून नेण्याच्या फायबरला आधारासाठीं पोलादी तार असते, ती पेटीपर्यंत आंत आणूं नये. शक्य तेथें धातु नसलेलें फायबर जमिनींत नळींतून न्यावें. गोठ्याच्या टोकाशीं कन्व्हर्टरमधून निघालेली आंखूड तार तेथील नोडला किंवा स्विचला लावावी, आणि घराच्या टोकाशीं ती मुख्य नोडमागील स्विचमध्यें यावी, मोडेममध्यें नव्हे. पावसाळ्यापूर्वीं हें काम उरकलें नसेल, तर वादळ दिसतांच जुन्या तांब्याच्या तारेचीं दोन्ही टोकें काढून ठेवावींत. मात्र गडगडाट सुरू झाल्यावर तीं काढावयास जाऊं नये.